सगळ्यांना दिसणारी चिंच

वर्षभर या ग्रुपवर तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचतो आहे. रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर देत जातो — याला झोप नव्हती, त्याला ताप असेल, ही बाई आधीच घाबरलेली होती. शेतकी पदवी घेतलेला माणूस. उद्यान खात्यात तीस वर्षं झाडांचीच नोकरी. पानं पिवळी पडली तर लोह कमी आहे असं सांगणारा. माझ्या हातून या ठिकाणी कधी काही लिहिलं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

यात पैंजणांचे आवाज नाहीत. रात्र नाही. जे घडलं ते भर दिवसा, दुपारी दीडला, आईसक्रीम खाणाऱ्या लोकांच्या मधोमध घडलं. आणि मला काही दिसलं असंही नाही. उलट... सगळ्यांना जे दिसत होतं ते मला एकट्याला दिसलं नाही.

नागपूरच्या जुन्या भागात एका राजवाड्याचं आवार आहे. नाव सांगत नाही, नागपूरकरांना कळेलच. वाडा केव्हाच पडला; एक दगडी दरवाजा, थोडी तटबंदी आणि पायऱ्यांची विहीर तेवढी उरली. ते आवार साफ करून बाग करायची योजना नऊ वर्षांपूर्वी निघाली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि या वर्षी बाग लोकांसाठी उघडली. आत शिरलं की डाव्या हाताला तिकिटाची खिडकी. मग मुरमाची वाट दगडी दरवाजातून जाते, विहिरीला जाळी लावली आहे तिला वळसा घालते आणि मोठ्या लॉनवर येते. लॉनच्या बरोबर मध्यभागी काळ्या ग्रॅनाईटचा गोल ओटा आहे. पन्नास माणसं आरामात बसतील एवढा. ओट्याच्या आत गवत. बाकी काही नाही. आजूबाजूला शंभर फुटांत काही नाही — नवी लावलेली रोपं आहेत, ती माझ्या छातीएवढी.

हे मी इतकं खात्रीनं सांगतो, कारण त्या बागेच्या पहिल्या नकाशावर सही माझी आहे.

बाग उघडल्यावर बायको, सुनंदा, रोज मागे लागली होती. तिच्या योगाच्या ग्रुपमधल्या सगळ्या जाऊन आल्या होत्या. मी टाळत होतो. काही ना काही निघत होतं — ऑडिट, गुडघा, पाहुणे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिनं सरळ स्कूटीची किल्लीच माझ्यापुढे ठेवली.

"अख्खं नागपूर पाहून आलं. तुमच्याच खात्याची बाग आणि तुम्हीच नाही गेले. काहून, तुम्हाला कोणी धरून ठेवते काय तिथे?"

गेलो.

ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. लॉनवर आलो आणि थबकलो. कडेला मांडव टाकून बसायची सोय होती, तिथे चार-दोन माणसं. आणि त्या उघड्या ओट्यावर, रणरणत्या उन्हात, ही गर्दी! डबे उघडलेले. एक म्हातारे गृहस्थ तर टोपी तोंडावर न घेता, उताणे, खुशाल घोरत होते. सूर्य सरळ तोंडावर होता त्यांच्या. मला वाटलं, लोकांना वेड लागलं की काय.

सुनंदा तरातरा पुढे गेली, ओट्यावर टेकली आणि डोक्याचा स्कार्फ सोडला.

"हाश्श... किती गार आहे हो इथे! या ना."

मी तिच्या शेजारी बसलो आणि ताडकन उठलो. ग्रॅनाईट तव्यासारखा तापला होता. ती हसली. "काय झालं? मुंग्या आहेत का?" मी हात लावून पाहिला. माझ्या बाजूचा दगड चटका देत होता. तिच्या मांडीजवळ, वीतभर अंतरावर, दगड थंड होता. माठाच्या बुडासारखा थंड. मी हात इकडे-तिकडे दोनदा नेला. जिथे हात ठेवीन तिथे एक क्षण गार लागायचं आणि मग हाताखालीच तापायला लागायचं.

"असे घामाघूम काहून झाले तुम्ही?" तिनं पदरानं माझं कपाळ टिपलं. "चिंचेखाली बसलं की कसं एसीत बसल्यासारखं वाटते, नाही?"

मी म्हटलं, "कोणत्या चिंचेखाली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून, माणूस माथ्यावरच्या झाडाकडे बघतो तसं बघितलं — डोळे न मिचकावता. "अहो ही काय. केवढी लदबदलेली आहे. खालच्या फांद्यांच्या सगळ्या पाडून नेलेल्या दिसतात."

मी वर पाहिलं. सूर्य सरळ डोळ्यांत घुसला. पांढरं, कोरडं, रिकामं आकाश.

थट्टा करत असेल म्हणून मी मोबाईल काढला, तिला तिथेच बसवून लांबून फोटो घेतला. फोटोत ओटा, माणसं, सुनंदा आणि वर मोकळं आकाश. तिला दाखवला. तिनं दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाली, "छान आला. पण शेंडा कापला तुम्ही. थोडं आणखी मागे जायचं होतं."

निघताना गेटवरच्या गार्डला ओळखपत्र दाखवून विचारलं, ती मधली चिंच कधीची? तो म्हणाला, "राजाच्या टाइमची असंन ना साहेब. पब्लिक लै परेशान करते, गोटे मारते चिंचांसाठी. तुम्ही ऑफिसात सांगून एक बोर्ड लावून द्या ना."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी रेकॉर्डमधून जुनी फाईल काढवली. मला शंका नव्हती, तरी काढवली. आत फोटो होता — जमिनीलगत कापलेला बुंधा, त्यावर मोजपट्टी, बाजूला मी उभा. नऊ वर्षांपूर्वीचा मी. केस काळे.

आता ते सांगतो, जे मी सुनंदालाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या नकाशात लॉनच्या मध्यभागी कारंजं होतं, जिथे पुढे नुसता ओटा झाला. आणि तिथेच ती चिंच. चार माणसांच्या कवेत न मावणारी. जिवंत झाड तोडायचं तर झाडावर नोटीस लावावी लागते, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, सुनावणी होते. वाळलेल्या झाडाला यातलं फारसं लागत नाही. त्या वेळचे माझे वरिष्ठ टेबलापलीकडून म्हणाले, "ते मधलं झाड वाळलेलंच आहे ना?" विचारण्याचा सूर नव्हता तो. मी तपासणीच्या तक्त्यात लिहिलं — 'पूर्ण वाळलेले.' झाडाजवळ गेलोसुद्धा नाही. जागेवर बसून लिहिलं. दोन शब्द.

त्या आवारात डोमाजी नावाचे एक माळी होते. साठीच्या आसपास. त्यांचे आजोबाही त्याच आवारात माळी. तटबंदीला लागून एका खोलीत राहायचे. रोजंदारीवर आमच्याकडे आले होते, पण आमचे असे कधी वाटले नाहीत. ते त्या चिंचेचे होते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खांद्यावरून आणून आळ्यात घालायचे. मी एकदा म्हटलं होतं, "डोमाजी, एवढ्या झाडाला कशाला पाणी? त्याची मुळं विहिरीपर्यंत गेली असतील." तर म्हणाले, "माय बी स्वतःच्या हातानं जेवते साहेब. तरी सणाले आपण वाढतोच नं तिले."

तोडायच्या दिवशी सकाळी मशीन आणि माणसं घेऊन आम्ही पोचलो तेव्हा त्यांना कळलं. ते भांडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले —

"एक रात द्या साहेब. सांजच्याला सांगून देतो झाडाले. पाखरं हायत, खारी हायत, आनखी जे कोनी बसून असंन ते असंन. उठून जातीन. उद्या सकाळी मीच पयला घाव घालतो."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी नरखेड तालुक्यातल्या खेड्यातला. आमच्या वडिलांनी संत्र्याचं वाळकं झाडदेखील न सांगता कधी तोडलं नाही. आदल्या संध्याकाळी तांब्याभर पाणी, चिमूटभर कुंकू, मूठभर तांदूळ. "उद्या कुऱ्हाड लागणार आहे गा, जे कोणी असाल ते सरकून जा." लहानपणी तांदळाची मूठ माझ्या हातात असायची. सांगितल्याशिवाय तोडू नये, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं.

मी म्हणालो, "डोमाजी, मशीन आलेलं आहे."

दोनदा साखळी तुटली. भुसा ओला निघत होता, हाताला चिकटत होता. आडवं झाल्यावर आवाज असा झाला की तटबंदीवरची माती सांडली. फांद्या चिंचांनी भरलेल्या. मजुरांच्या बायकांनी पदर भरभरून नेल्या. राघूंचा थवा संध्याकाळपर्यंत त्याच जागेवर, हवेत, गोल फिरत होता. बसायला काही नव्हतं.

पंचनाम्यावर पंच म्हणून डोमाजींचा अंगठा घेतला. त्यांनी विचारलं, "काय लिहून हाय साहेब?" कागदावर लिहिलं होतं — वृक्ष तपासणीवेळी पूर्ण वाळलेला आढळला. मी म्हणालो, "झाड तोडलं, एवढंच." त्यांनी अंगठा दिला आणि अंगठ्याची शाई आडव्या बुंध्याला पुसली.

पाच-सहा महिन्यांनी कोणा वृक्षप्रेमीनं तक्रार केली. सोबत फोटो — आदल्या पावसाळ्यातली हिरवीगार चिंच. चौकशी लागली. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की झाड नंतर वाळलं, माळ्यानंच तसं कळवलं, पंचनाम्यावर त्याचाच अंगठा आहे. अगदी शांतपणे सांगितलं. मग डोमाजींना बोलावलं. कागद दाखवून विचारलं, हा अंगठा तुमचा? ते म्हणाले, "हो जी, माहाच." वाचून दाखवल्यावर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले —

"साहेबानं लिहिलं तं खरंच असंन. आतून वाळलं असंन झाड. मलेच नाई समजलं."

झाड वाळू दिल्याचा ठपका त्यांच्यावर बसला; काम गेलं, खोली गेली. वस्तीत बोभाटा झाला की डोमाजीनं मुळात भोक पाडून हिंग भरला आणि राजाची चिंच मारली. माळ्याच्या घराला याहून वाईट काही बोलता येत नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी गेलो नाही. माझं प्रमोशन त्याच वर्षीचं.

झालं. एवढंच आहे. नऊ वर्षं मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं आणि लिहायला बसलो तर अर्धं पानही पुरलं.

फाईल बंद केली आणि त्या आठवड्यात मी रोज सकाळी ऑफिसआधी त्या बागेत जाऊ लागलो. का, ते मला माहीत नाही. बसायचं आणि वर बघायचं. येणारे लोक "काय झाड आहे!" म्हणायचे, लहान मुलं ओट्यावर चढून काहीतरी वेचायची, तोंडात टाकून डोळे मिटायची. मला फक्त आकाश. कपाळाची कातडी सोलून निघाली. सुनंदा म्हणाली, "अहो, टोपी तरी घालत जा. कुठे भटकून राहिले तुम्ही उन्हाचे?"

तिथे झाडलोट करणारी एक बाई होती. पस्तिशीची असावी, कंत्राटदाराचं निळं जॅकेट, हातात खराटा. साडेआठच्या सुमारास ती ओट्याच्या भोवतीचं गवत झाडायला घ्यायची. मी दोन दिवस नुसता बघत होतो. गवत स्वच्छ होतं. काडी नव्हती. तरी ती एक हातसुद्धा जागा न सोडता गोल गोल झाडत जायची, मग दोन्ही हातांनी 'काहीतरी' टोपल्यात भरायची. टोपलं रिकामं. ते उचलून डोक्यावर घेताना मात्र तिची मान लवायची, पाय जड पडायचे.

तिसऱ्या दिवशी ती जवळ आली आणि म्हणाली, "पाय वर घ्या साहेब." आवाज ऐकला आणि ओळखलं. वच्छला. डोमाजींची मुलगी. त्या वेळी खोलीवरून बापाची भाकर घेऊन यायची, दरवाज्याच्या सावलीत उभी राहायची.

तिनंही मला ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून.

"रोज येऊन राहिले तुम्ही," ती म्हणाली. "अन् बाकी लोकं सावलीत बसल्यावानी बसते, तुम्ही उन्हात बसल्यावानी बसता."

मी पाय वर घेतले.

तिनं आजूबाजूला पाहिलं. सुपरवायझर लांब, विहिरीपाशी होता. ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुमाले बी नाई दिसत नं?"

अंगावर काटा आला हे वाक्य मी तुमच्या अनुभवांत शंभरदा वाचलं आहे आणि शंभरदा हसलो आहे. एप्रिलच्या त्या उन्हात माझ्या हातावरचा एक-एक केस उभा राहिला.

"तुला...?"

"नाई जी. कामाले लागली तवापासून. सुपरवायझर बोंबलते, चिंचेचा पाला राहून गेला म्हणते. मले पालाच नाई दिसत, तं मी अख्खी जागाच झाडतो. टोपलं रिकामं दिसते, पन डोक्यावर घेतलं का वजन लागते. मान धरून येते रातच्याला." तिनं मानेवरून हात फिरवला. "सांगू कोनाले? येडी म्हनतीन, काम जाईन. मले वाटलं, माह्या बापानं मारलं ते झाड, म्हून मलेच नसंन दिसत. ज्याचं त्याले. पन तुमाले काहून नाई दिसत साहेब?"

नऊ वर्षांत चौकशी समितीनं मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

मी उठून उभा राहिलो. बसून सांगणं जमलं नसतं. म्हटलं, "वच्छला, तुझ्या वडिलांनी झाड मारलं नाही. ते वाळलेलं नव्हतंच. ते मी लिहिलं. ऑफिसात बसून लिहिलं. डोमाजींना एक रात्र पाहिजे होती, तीही मी दिली नाही. आणि नंतर चौकशीत त्यांचं नाव मी घेतलं."

ती खराट्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"मंग बाप बोलला काहून नाई?"

"कागदावर अंगठा त्यांचा होता."

"त्याले वाचता येत नव्हतं जी."

"मला माहीत होतं."

मी थोबाडीत बसायची वाट पाहत होतो. बसली असती तर बरं झालं असतं. तिनं खराटा ओट्याला टेकवला. मग एखादी घरातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "मरते खेपी पानी मांगे तो. मी देल्लं. पन तोंड नाई पायलं त्याचं. लग्न मोडलं होतं नं माहं त्या हिंगाच्या बोलीवरून. म्या त्याले म्हनलं, तूच मारलं तं कबूल तं हो. तो म्हने, पोरी, अंगठा माहा हाय. बस. एवढंच म्हने." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही नऊ वर्सं जेवले कसे जी?"

मी तिच्या टोपल्याकडे पाहत राहिलो.

ती वळली. टोपलं उचलायला वाकली, आणि वाकलेलीच थांबली. टोपल्यात काहीतरी बघत होती. हात घालून तिनं मूठ भरली, मूठ डोळ्यांजवळ नेली, बोटं हळूहळू उघडली. मग सावकाश मान वर केली.

ऊन तिच्या तोंडावर होतं. मला तरी होतं असंच दिसत होतं. पण उन्हानं बारीक केलेले तिचे डोळे हळूहळू उघडत गेले, पूर्ण मोठे झाले. कपाळावर ओढलेला पदर तिनं मागे टाकला. दोन पावलं डावीकडे सरकली, हात पुढे केला आणि हवेत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, तळवा टेकवला. टेकवलाच म्हणतो मी. तिच्या अंगाचा भार त्या हातावर आला होता. माणूस असा रिकाम्या हवेला रेलून उभा राहू शकत नाही.

"हिरवं हाय," ती म्हणाली. मला नाही, कोणालाच नाही. "हिरवंगार हाय वं माय..."

मी वर पाहिलं. जीव लावून पाहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पाहत राहिलो.

आकाश.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. सुपरवायझर तिकडून ओरडला, "ए वच्छला, झोपली काय?" ती भानावर आली. डोळे पुसले. खालून काहीतरी उचललं, माझा हात ओढला आणि तळव्यावर ठेवलं. तिच्या बोटांचा स्पर्श तेवढा झाला. तळवा रिकामा.

"न्या," ती म्हणाली. "माफी नाई दिली मी. झाडाची हाय, म्हून देल्ली."

मी मूठ मिटली. आणि मिटलेल्या मुठीनंच, एका हातानं स्कूटी चालवत, घरी आलो. त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही.

सुनंदा स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी होती. मी तिला काही सांगायच्या आधीच तिनं माझी मूठ उघडली. "अरे वा! चिंच कुठून आणली? पिकून कशी तांबूस झाली आहे, बघा." तिनं वाटी घेतली, मीठ घेतलं, आणि माझ्या रिकाम्या तळव्यावरून बोटांनी काहीतरी उचलून सोलू लागली. मी खुर्चीत बसलो आणि पहिल्या तक्त्यापासून सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती. चावणं मध्येच थांबलं. अंगठ्यापर्यंत आलो तेव्हा तिनं माझ्याकडे पाठ केली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "लेखी द्या." दिलं. दोन प्रती केल्या. एक ऑफिसला, एक वच्छलाला. वस्तीतल्या समाजमंदिरात तिनं ती चारचौघांत वाचून घेतली, तेव्हा मी मागे उभा होतो. कोणी काय म्हणालं ते इथे लिहीत नाही. ऑफिसातही आता चौकशी लागली आहे, या वेळी माझी. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, काय होईल ते होईल.

सुनंदाला सगळं सांगूनही ती चिंच दिसते. बुंध्याचा फोटो दाखवला, तोही तिनं पाहिला. म्हणाली, हे दुसरं झाड असेल. वच्छलाला रोज दिसते. मला अजून दिसत नाही. मी अजूनही जातो. टोपी घालून जातो. लोक सावलीत बसतात, मी त्यांच्याशेजारी उन्हात. शेतकीचं जेवढं शिकलो तेवढं सगळं लावून पाहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, मेंदूचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल आहे. तुमच्यापैकी कोणाला काही उलगडा होत असेल तर सांगा. मी हसणार नाही.

एकच गोष्ट राहिली. मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिच्यावर माझा स्वतःचाच अजून पूर्ण विश्वास नाही.

मिटलेली मूठ घेऊन घरी आलो त्या दिवशी, ऐकता ऐकता सुनंदानं माझ्याकडे पाठ केली होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हातात काही होतं की नाही तेही दिसत नव्हतं. पंखा बंद होता, घर अगदी शांत. तिनं तोंडातून काहीतरी काढून स्टीलच्या वाटीत टाकलं.

चिंचोका पडल्याचा आवाज मला आला.